चालताना गाडी, थांबल्यावर घर

लहान पोरं घेऊन मुक्कामाचा प्रवास म्हटलं, की आपल्यापुढे येते जेजुरी, तुळजापूर, नाहीतर पंढरपूर. चार घरं मिळून टेम्पो ठरवायचा, पातेली आणि शेगडी बरोबर घ्यायची आणि धर्मशाळेत पथारी टाकायची. आता यात एक नवा प्रकार आलाय. त्याला म्हणतात मोटरहोम, म्हणजे चाकावरचं घर. काही जण त्याला कॅरॅव्हॅनही म्हणतात. मिनीबसएवढी गाडी असते. आत गाद्या, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, बेसिन आणि संडास-बाथरूम. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली यासाठी कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. अशी गाडी ड्रायव्हरसह भाड्यानं मिळते.

माझे दीर-जाऊ पुण्याला असतात. त्यांची मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. डिसेंबरात त्यांनी दोन रात्रींसाठी अशी गाडी ठरवली आणि सासूबाईंना नि मला बरोबर नेलं. नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर असं करत आम्ही भंडारदऱ्याला गेलो. तिथं जे पाहिलं, त्यातलं तुमच्या-माझ्या उपयोगाचं आज सांगते.

पहिली गोष्ट बसण्याची. गाडीत मऊ गादी दिसली की पोरगं तिच्यावर उड्या मारणारच. सासूबाई म्हणाल्या, "निजू दे की त्याला, रस्ता लांबचा आहे." जाऊ म्हणाली, "आई, गाडी उभी राहिली की निजवू. चालू असताना नको." तिचं बरोबर होतं. ब्रेक लागला की गाडी थांबते, पण आतलं मूल थांबत नाही. गाडीचा जो वेग होता, त्याच वेगानं ते पुढं फेकलं जातं. मांडीवर घट्ट धरलेलं मूलही अशा वेळी हातात राहत नाही, आईच्या अंगात कितीही बळ असलं तरी. म्हणून चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांची वेगळी सीट हवी, असं कायदाही सांगतो. धाकट्यासाठी जावेनं घरच्या कारमधली त्याची सीट आणून बांधली होती.

गाडी ठरवताना एक प्रश्न नक्की विचारायचा: "पट्टे किती आहेत?" झोपायची सोय सहा जणांची आणि पट्टे चारच, असंही असू शकतं. जितके पट्टे, तितकीच माणसं न्यायची. निघण्याआधी गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, कपाटांच्या कड्या लावायच्या. सुटं राहिलेलं पातेलंही ब्रेक लागला की डोक्यात बसतं.

पोरांना घेऊन दीड-दोन तासांनी थांबायचंच. पाय मोकळे होतात, शू होते, रडारड कमी होते. घाटात मळमळतं, म्हणून वळणांच्या आधी हलकंच खायला द्यायचं आणि मोबाइलऐवजी खिडकीबाहेर लांब बघायला सांगायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या गाडीची टाकी शंभर लिटरची होती. माणसं ड्रायव्हर धरून सात, दिवस दोन. म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम सात लिटर. टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना हा हिशोब कुणी शिकवायला नको. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नळाखाली तांब्या ठेवला नि सगळ्यांना तांब्यानंच पाणी घ्यायला लावलं. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये होतं. सांडपाणी आणि संडासाची टाकी ओढ्यात किंवा धरणात कधीही रिकामी करायची नाही. खालच्या गावात कुणाची तरी लेकरं तेच पाणी पितात.

तिसरी गोष्ट मुक्कामाच्या जागेची. पाण्याच्या काठावर फार छान वाटतं. पण नदीच्या पात्रात गाडी लावायची नाही. धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. पावसाळ्यात डोंगराच्या उताराखालीही थांबायचं नाही. आम्ही एका शेतकऱ्याच्या अंगणात थांबलो. रीतसर पैसे दिले. तिथं नळ होता, संडास होता, रात्री हाकेला माणूस होता. पोरांना एकच नियम घातला होता: विचारल्याशिवाय पायरी उतरायची नाही. आणि गाडी मागं घेताना एका मोठ्या माणसानं खाली उतरून दोन्ही मुलं आपल्या हाताला धरायची. ड्रायव्हरला चाकामागचं लहान मूल आरशात दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीच्या हवेचं. डिसेंबरात भंडारदऱ्याला थंडी कडक. यजमानांनी मायेनं निखाऱ्याची शेगडी आणून दिली, "पोरांना ऊब येईल, आत ठेवा" म्हणाले. जावेनं ती अंगणातच ठेवायला सांगितली. का, ते नीट ऐका. कोळसा, लाकूड, डिझेल, काहीही जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत तो साठतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. २०२४च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा विषारी वायू आत शिरला होता, असं तपासात दिसून आलं.

म्हणून झोपताना इंजिन बंद, जनरेटर बंद, शेगडी बाहेर. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या. ऊब हवी तर गोधडी, कानटोपी, पायमोजे. घरातल्या बऱ्याच जणांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर जेवण बाधलं असं समजून पडून राहायचं नाही. आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं आणि मग १०८ला फोन करायचा. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही. दार उघडून मुलांना बाहेर काढायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो. म्हणून वरच्या खिडकीपेक्षा दार उघडणं महत्त्वाचं.

पहिल्या रात्री अडीच वर्षांचं पोरगं नव्या जागेत बावरलं. त्याची घरची गोधडी आणि आजीची कूस मिळाली तेव्हा झोपलं. सकाळी दोघंही अंगणातल्या कोंबड्यांमागं धावत होती. पहिल्या प्रवासाला दोन रात्री पुरतात. लांबचा बेत पुढच्या वेळी.

मैत्रिणींनो, मोटरहोम आपल्याला परवडेल न परवडेल. पण यात्रेचा टेम्पो, ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर, लग्नाची जीप, यांतही आपली लेकरं बसतात, कधी कधी त्यातच झोपतात. गोष्ट तीच आहे. चालते तेव्हा ती गाडी असते, तिथं मूल जागेवर आणि बांधलेलं हवं. ट्रॉलीत पट्टा नसतो, म्हणून मुलांची बसायची सोय दुसऱ्या गाडीत करा. थांबते तेव्हा ती घर असते, तिथं हवा खेळती हवी आणि विस्तव बाहेर हवा. पुढच्या यात्रेची वर्गणी गोळा कराल, त्याच बैठकीत एवढं ठरवून टाका: पोरं कुठं बसणार आणि शेगडी कुठं पेटणार.