हाक शिक्र्याची, घास कोतवालाचा

पहिला पाऊस पडून गेला, की दोंडाईचा परिसरातील शेतांत वखर चालू लागतो. औतामागे लगेच पाखरे गोळा होतात. गायबगळे, साळुंक्या आणि तारेवर बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल. हे तुम्ही शंभरदा पाहिले असेल. पण कधी कान देऊन ऐकले आहे का?

कधी कधी मध्येच शिक्र्याची तीक्ष्ण हाक येते. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. साळुंक्या भर्रकन उडतात, एखादीच्या चोचीतली अळी खाली पडते. आकाशात शिक्रा मात्र कोठेच नसतो! हाक कोतवालाने मारलेली असते, आणि अळीवर झडपही त्याचीच.

हे त्याला साधते कसे? पक्ष्यांचे स्वरयंत्र आपल्यासारखे घशात नसते. श्वासनलिका दुभंगून फुप्फुसांकडे जाते तेथे, छातीत असते. पण यंत्र कबुतरालाही आहे, त्याला नक्कल जमत नाही. ऐकलेला आवाज लक्षात ठेवून, सराव करून तसाच काढणे ही खरी करामत. आपल्याकडच्या एका खाटीक पक्ष्याला तर ‘नकल्या खाटीक’ असेच नाव पडले आहे.

बरे, साळुंक्या फसतात म्हणून त्यांना मूर्ख समजू नका. हिशेब करा. खोट्या हाकेला उडाल्या तर एक अळी जाते. खऱ्या हाकेला बसून राहिल्या तर जीव जातो.

तरीही तीच थाप पुन्हा पुन्हा मारली, तर ऐकणारे शहाणे होणारच. यावर कोतवालाच्या आफ्रिकेतील भाऊबंदाने काढलेली युक्ती टॉम फ्लॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालाहारीत अभ्यासली व २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हा पक्षी धोक्याची खोटी हाक देतो. मुंगसाच्या कुळातले मीरकॅट घास टाकून पळतात. एका हाकेला ते दाद देईनासे झाले, की हा दुसऱ्याच प्राण्याची हाक काढतो. अशा ४५ नकली हाका नोंदल्या गेल्या! शिवाय खरा शत्रू दिसला, तर तो खरी हाकही देतो. त्यामुळे त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करणे कोणालाच परवडत नाही.

आता शेतात शिक्र्याची हाक ऐकू आली, तर साळुंक्यांकडे नव्हे, तारेकडे पाहा. कोतवाल वर झेपावला, तर शिक्रा खरोखर आला असावा. त्याला हुसकायला तो मागेपुढे पाहत नाही. झेप जमिनीकडे असेल, तर तारीख, वेळ आणि अळी आधी कोणाच्या चोचीत होती, ते वहीत लिहून ठेवा.