तुषार, निर्वात आणि सूक्ष्मलहरी

पपईच्या कच्च्या फळावर सकाळच्या वेळीं उथळ चिरा दिल्या म्हणजे पांढरा चीक ठिबकूं लागतो. या चिकांत पपेन नांवाचें पाचक द्रव्य असतें, आणि मांस मऊ करण्यापासून औषधांपर्यंत त्याचा उपयोग होतो. जळगांवीं १९७८ सालीं भवरलाल जैन यांनीं केळ्यांची भुकटी करणारा एक डबघाईस आलेला कारखाना घेतला व तेथें शुद्ध पपेन काढण्यास आरंभ केला. केळ्याची भुकटी काय किंवा पपेन काय, दोहोंची अडचण एकच. माल ओला राहिला तर नासतो, आणि आंच लावून वाळवावा तर त्याचा गुण जातो. पपईचा चीक ५०-५५ अंशांपलीकडे तापवूं नये अशी वहिवाट आहे. रावेर-यावलकडील केळ्याचा गर फार तापविला तर काळवंडतो आणि त्याचा वास उडतो. तेव्हां पाणी तर काढावयाचें, पण माल तापूं द्यावयाचा नाहीं, हें साधावें कसें?

द्रवाचे तुषार करणें ही एक युक्ति होय. एक लिटर द्रव एकाच गोळ्याच्या रूपांत धरला तर त्याचें पृष्ठ हातरुमालाहूनही लहान भरेल. त्याचेच मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे थेंब केले तर ते सुमारें १,५०० कोटी होतात आणि त्यांचें एकंदर पृष्ठ १२० चौरस मीटर, म्हणजे शहरांतील एखाद्या ऐसपैस बिऱ्हाडाच्या जमिनीएवढें होतें. पाणी उडतें तें पृष्ठावरून. म्हणून हा सारा खटाटोप. दुधाची भुकटी अशीच होते. आटविलेलें दूध बारीक तोटींतून किंवा वेगानें फिरणाऱ्या चक्रावरून गरम हवेंत उडवितात. हवा १८० अंशांची असली तरी थेंब करपत नाहीं, कारण उडून जाणारें पाणीच त्यास थंड राखतें.

दुसरी युक्ति दाब कमी करण्याची. हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांवरून ७२ मिलिमीटरांपर्यंत उतरविला तर पाणी ४५ अंशांसच उकळूं लागतें. वैशाखांत धुळें-जळगांवचा पारा या आंकड्याच्या आसपास जातो, तेव्हां हें तापमान केवढें तें खानदेशच्या माणसास निराळें सांगावयास नको. दोंडाईचा येथें मक्यापासून स्टार्च व द्रव ग्लुकोज काढण्याचा कारखाना आहे. असल्या धंद्यांत पाक आटवावयाचा तो कमी दाबाखालींच, एरव्हीं त्याचा रंग बिघडतो.

निर्वातांत पाणी जणूं फुकट उडतें असा एक समज मात्र पुष्कळांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. शंभर अंशांवर एक ग्राम पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी लागतात, तर ४५ अंशांवर सुमारें ५७०. म्हणजे खर्च किंचित् वाढतोच! शिवाय शंभर अंशांच्या वाफेस जेथें पावणेदोन लिटर जागा पुरते, तेथें या विरळ वाफेस पंधरा लिटर लागते. ती सारी वाफ ओढून थंड करणारी यंत्रणा जर तोकडी पडली तर दाब वाढतो आणि निर्वात नांवापुरता उरतो.

आतां या दोन युक्त्या एकत्र केल्या, म्हणजे निर्वातांतच तुषार सोडले, तर काय होईल? थेंब स्वतःचीच उष्णता खर्चून उडूं लागेल आणि झपाट्यानें थंड होईल. दाब साडेचार मिलिमीटरांखालीं असेल तर तो गोठेल. उष्णता बाहेरून पुरवावी म्हटलें तर ती वाहून नेण्यास तेथें पुरेशी हवाच नाहीं. या अडचणींतून सूक्ष्मलहरींचा विचार पुढें आला.

या लहरी जोमानें उत्पन्न करणारा पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन १९४० सालीं बर्मिंगहॅम येथें रँडल व बूट यांनीं रडारसाठीं सिद्ध केला. त्याजवळ उभे असतां खिशांतील खाऊ वितळला, हें अमेरिकेंत १९४५ सालीं पर्सी स्पेन्सर यांच्या ध्यानांत आलें आणि त्यांतून घरोघरची मायक्रोवेव्ह भट्टी निघाली. तींतील लहर सेकंदास २४५ कोटी कंपनें करते. ही लहर पाण्याच्या कणाशीं अनुनाद साधते, म्हणूनच पाणी तापतें व फुटतें, असें वरचेवर सांगण्यांत येतें. पण तें खरें नव्हे.

आखाजीच्या झोक्यास नेमक्या वेळीं हात लावला म्हणजे थोड्या जोरानेंही तो उंच जातो. हा अनुनाद. वाफेंतील सुटा कण असा झोका घेतो खरा, परंतु तो सेकंदास सुमारें २,२२० कोटी कंपनांस. द्रव पाण्यांतील कणाची स्थिति यात्रेच्या गर्दींत टांगलेल्या झोक्यासारखी असते. लहर त्यास इकडे-तिकडे वळवूं पाहते, शेजारी अडवितात, आणि त्या धक्काबुक्कींतून उष्णता निघते. अनुनाद आहे तो मॅग्नेट्रॉनच्या पोकळ्यांत. पाण्यांत शिरतांच ही लहर बारा सेंटिमीटरांवरून दीड सेंटिमीटरांच्या आंत आखडते. म्हणून द्राक्षाएवढा ओला गोळा तिला आपल्यांत कोंडूं शकतो. भट्टींत एकमेकांस चिकटलेल्या द्राक्षांमध्यें ठिणगी कां उडते, याचा उलगडा कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं असाच केला. तुषारांतील थेंब मात्र या मापापुढें कस्पटासमान. त्याच्या आंत विद्युत्क्षेत्र बाहेरच्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढेंच उरतें, आणि तापणें त्याच्या वर्गावर अवलंबून असल्यानें तो थेंब जवळजवळ अस्पर्शच राहतो.

अनुनादानें तुषार होतात, परंतु ते ध्वनीच्या. वुड व लूमिस यांनीं १९२७ सालीं स्फटिकाच्या अतिजलद कंपनांनीं द्रवाचें धुकें उठविलें. रुग्णास श्वासावाटे औषध देण्याच्या एका यंत्रांत आज तोच प्रकार आहे. तेथें सेकंदास सुमारें १७ लक्ष कंपनें पुरतात.

मग निर्वातांत सूक्ष्मलहरींचा उपयोग कोठें? केळ्याच्या चकत्यांवर. चकती जाड असते, लहर तिच्या आंत पोंचते, आणि आंतल्या पाण्याची वाफ बाहेर पडतांना गर फुगवून सच्छिद्र करते. वसईच्या सुकेळीचा चिवटपणा त्यांत येत नाहीं. दाबही फार उतरवून चालत नाहीं. तो कांहीं मिलिमीटरांवर आला कीं उरलेल्या विरळ वायूंतच लहरीची शक्ति जांभळट प्रकाश होऊन खर्चीं पडते व माल करपतो. म्हणून ३० ते ७५ मिलिमीटरांच्या दरम्यान काम करितात. मॅग्नेट्रॉनमध्यें वीज वायां जाते ती धरून लिटरभर पाणी काढण्यास सुमारें एक युनिट पडतें, आणि पंपाची वीज निराळी. सोललेल्या शंभर किलो केळ्यांत पाऊणशें लिटर पाणी असल्यामुळें त्यांतील बराच भाग आधीं साध्या गरम हवेनें काढतात आणि शेवटचें, सहजीं न सुटणारें पाणी तेवढें सूक्ष्मलहरींकडे सोंपवितात.