पाण्याच्या धारेची धार

बिबवेवाडीसारख्या उपनगरात रविवारी सकाळी एखाद्या सोसायटीच्या आवारात डोकावले, तर बादली-फडके घेऊन गाडी धुणाऱ्यांच्या जोडीला आता आणखी एक दृश्य दिसते. विजेवर घरघरणारे लहानसे यंत्र, त्याला जोडलेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला बंदुकीसारखी मूठ. मुठीचा घोडा दाबला, की वाळलेला चिखल ढलप्यांनी निघून येतो. हा प्रेशर वॉशर. नळ तोच, पाणीही तेच. मग साध्या नळीला दाद न देणारा चिखल येथे कसा हटतो? आणि हेच पाणी गाडीला, प्रसंगी माणसालाही, इजा कशी करते?

पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाशी सुमारे १ बार दाब देतो. म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असेल, तर तळमजल्याच्या नळाला साधारण एवढाच दाब मिळतो. घरगुती प्रेशर वॉशरचा पंप मात्र १०० बारच्या आसपास दाब निर्माण करतो. हा दाब नुसत्या उंचीने मिळवायचा तर? सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि पुणे सुमारे ५६० मीटर. गडावर टाकी बांधून पुण्यापर्यंत नळ आणला, तरी दाब ७५ बारच्या आतच राहील!

दाब शंभरपट झाला म्हणून वेग शंभरपट होत नाही. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिसेली याने सतराव्या शतकात दाखवून दिले, की धारेचा वेग उंचीच्या, म्हणजेच दाबाच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १ बारला तो सेकंदाला सुमारे १४ मीटर, तर १०० बारला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. (प्रत्यक्षात घर्षणामुळे थोडा कमी.) पाणी मात्र मिनिटाला सहा-सात लिटरच लागते. नोझलचे छिद्र जेमतेम १ मिलिमीटरचे असते ना!

छताच्या पंख्याची पाती दिवसभर वारा कापतात, तरी त्यांच्यावर धूळ साचतेच. कारण पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. तेथे धुळीला उडवणारा वारा जवळजवळ नसतो. पाण्याचेही तसेच. सावकाश वाहणारे पाणी धुळीच्या बारीक कणांवरून निघून जाते. वेगवान धारेत हा थर अतिशय पातळ होतो आणि कणांना धक्का बसतो.

आता अंतराचा विचार करा. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती फवाऱ्याची बाटली घ्या. वर्तमानपत्रावर १० व २० सेंटिमीटरवरून प्रत्येकी एक फवारा मारा आणि ओल्या डागांचे व्यास मोजा. दुप्पट अंतरावर व्यास जवळजवळ दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट भरेल. तेच पाणी चौपट जागेवर पसरले, की मारा सौम्य होतो. प्रेशर वॉशरची धार पंख्यासारखी चपटी पसरते, म्हणून हिशेब थोडा वेगळा. पण जवळ जाल तसा मारा झपाट्याने वाढतो हे खरेच. म्हणून गाडीसाठी २५ किंवा ४० अंशांत पसरणारे नोझल घ्यावे, नोझल किमान ३० सेंटिमीटर दूर धरावे आणि धार तिरपी ठेवावी. सरळ सुईसारखी धार गाडीवर वापरूच नये. रंगाला कोठे टवका उडाला असेल, तर पाणी त्याच्या कडेखाली शिरून रंग सोलून काढते.

दुचाकीला जास्त जपावे लागते. चाकाच्या मध्यभागी बेअरिंगमधले ग्रीस राखणारे रबरी सील पावसासाठी बनवलेले असते, अशा माऱ्यासाठी नव्हे. तेथे पाणी शिरले, की ग्रीस खराब होऊन बेअरिंग गंजते. सायलेन्सरचे तोंड, खटके, साखळी यांना बादलीच बरी. टायरच्या बाजूवर जवळून धार मारली, तर आतल्या धाग्यांना इजा होऊ शकते. ती त्या दिवशी दिसत नाही, टायर पुढे केव्हातरी रस्त्यावर फुटतो. धुतल्यावर ब्रेक ओले असतात, तेव्हा आवारातच सावकाश चालवून ते लागतात ना हे पाहावे.

सर्वांत मोठा धोका मात्र माणसाला. जोर पाहण्यासाठी धारेपुढे बोट धरण्याचा मोह मुलांना होतो. धार कातडी भेदून आत शिरू शकते. बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते, दुखतेही कमी. पण पाणी, साबण व जंतू आत खोलवर पसरलेले असतात. अशा वेळी मलमपट्टी करून घरी न थांबता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि जखम कशाने झाली हे स्पष्ट सांगावे. यंत्र चालवताना बूट व चष्मा घालावा आणि लहान भावंडांना दूर ठेवावे.

पाणी व वीज येथे शेजारी नांदतात. प्लग तीन पिनांचा व अर्थिंग असलेला हवा. त्या वायरिंगवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे साधन, असलेच पाहिजे. जोडवायरचे तोंड ओल्या फरशीवर टाकू नये.

यंत्र थांबले तरी नळीत दाब कोंडलेला राहतो. आधी खटका आणि नळ बंद करावा, मग धार जमिनीकडे रोखून घोडा दाबावा. धार ओसरून थेंब पडू लागले, की नळी सोडवावी.