‘व्यावसायिक’ छायाचित्रकार म्हणजे कोण?

आजचा विषय वाचून आयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही फोटो काढता?’ नाही हो. मोबाइलवर नातवंडांचे काढतो, आणि त्यातले निम्मे हललेले असतात. पण ‘व्यावसायिक’ हा शब्द आपण रोज फार सैल वापरतो, त्याच्याकडे जरा थांबून बघावं असं बरेच दिवस मनात होतं. डॉक्टर किंवा वकील यांचं उदाहरण घेता आलं असतं. पण तिथे पदवी असते, परिषदेची नोंदणी असते, सनद असते. व्यावसायिक कोण, हे तिथे कागदच सांगून टाकतो. छायाचित्रकाराला असला कागद लागत नाही. उद्या सकाळी कुणीही कॅमेरा घ्यावा आणि पाटी लावावी. म्हणून हा प्रश्न त्याच्या बाबतीत उघडावाघडा समोर येतो, की कागद नसताना ‘व्यावसायिक’ या शब्दात नेमकं काय उरतं?

पहिलं उत्तर येतं ते असं, की जो चांगले फोटो काढतो तो व्यावसायिक. हे टिकत नाही. व्हिव्हियन मायर नावाची एक बाई अमेरिकेत शिकागोला लोकांची मुलं सांभाळण्याची नोकरी करत होती. कित्येक वर्षं ती रस्त्यावर फोटो काढत हिंडली. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह. कितीतरी रोल तिनं धुतलेसुद्धा नव्हते. २००७ साली तिचं भाडं थकलेलं सामान लिलावात निघालं आणि त्या पेट्या बाहेर आल्या. २००९ मध्ये ती गेली. आज तिची गणना विसाव्या शतकातल्या मोठ्या छायाचित्रकारांत होते. पण ती व्यावसायिक होती का? नाही. आणि त्यानं तिचं काहीही कमी होत नाही. म्हणजे दर्जा ही इथली कसोटी नव्हे.

दुसरं उत्तर, जो पैसे घेतो तो. आयकर खात्याला एवढं पुरतं. पण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, पहिल्याच पुस्तकात, सॉक्रेटिस या उत्तराची मोठी गंमत करतो. थ्रॅसिमॅकस म्हणत असतो की प्रत्येक जण शेवटी आपलंच हित बघतो. सॉक्रेटिस त्याला विचारतो, वैद्य हा वैद्य म्हणून कुणाचं हित बघतो? रोग्याचं. मग त्याला पैसे मिळतात ते? ते मिळवणं ही वेगळीच कला झाली, आणि ती वैद्य, नावाडी, गवंडी सगळ्यांना सामाईक आहे. वैद्यानं एखाद दिवशी फुकट औषध दिलं तर तो त्या दिवशी वैद्य राहत नाही असं थोडंच आहे? मला हा भेद फार उपयोगी वाटतो. फोटोग्राफरनं गरीब शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे घेतले नाहीत, तर त्या दिवशी तो हौशी होतो का? होत नाही. मग पैशाच्या पलीकडे काय असतं त्या दिवशी त्याच्याजवळ?

इथे शब्द थोडी मदत करतो. ‘व्यवसाय’ हा आपण आज धंदा या अर्थानं वापरतो, पण संस्कृतात त्याचा जुना अर्थ निश्चय, पक्का निर्धार असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘व्यवसायात्मिका’ हे बुद्धीचं विशेषण म्हणून येतं ते याच अर्थानं. आणि इंग्रजीतला ‘प्रोफेशन’ हा मुळात चारचौघांत केलेल्या कबुलीचा शब्द आहे. मठात जाणारा माणूस व्रत घेताना जे जाहीर करतो ते प्रोफेशन. दोन्ही भाषांत पैसा नंतर चिकटला. मी शब्दांच्या व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान काढणाऱ्यांतला नाही, ते फार घसरडं असतं. पण इथे जी दिशा दिसते ती बरोबर आहे असं माझं मत आहे. निश्चय आणि कबुली. म्हणजे फोटो काढण्याच्या आधीच फोटोबद्दल कुणाला तरी दिलेला शब्द.

आता लग्न घ्या. व्यावसायिक छायाचित्रण म्हटलं की जाहिराती, फॅशन वगैरे डोळ्यांपुढे येतं, पण आपल्या गावोगावच्या फोटोग्राफरचं घर चालतं ते लग्नसराईवर. आणि माझ्या मते या व्यवसायाचं सगळं मर्म तिथेच दिसतं.

तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. रोलचा जमाना होता तेव्हा पुष्कळ लग्नं १२० नंबरच्या रोलवर निघत. चौकोनी फोटो, एका रोलवर फक्त बारा. बारा संपले की कॅमेरा उघडायचा, जुना रोल काढायचा, नव्याचा कागद दुसऱ्या फिरकीत नीट अडकवायचा, गुंडाळून पहिल्या नंबरावर आणायचा. सवयीचा हात असला तरी थोडा वेळ जायचाच. आता कल्पना करा. मंगलाष्टकं चालू आहेत. अंतरपाटाच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. मामा मागे उभा. शेवटचं मंगलाष्टक संपणार, अक्षता पडणार, अंतरपाट बाजूला होणार आणि माळा घातल्या जाणार. हे सगळं काही क्षणांत, आणि एकदाच. भटजींना ‘परत एकदा म्हणा’ असं सांगता येत नाही. रोलवर नऊ फोटो झालेत, तीन शिल्लक आहेत. हौशी माणूस काय करेल? तीन आहेत ना, पुरतील म्हणेल. पोटापाण्यासाठी हेच काम करणारा माणूस ते तीन फोटो वाया घालवून रोल आधीच बदलून ठेवायचा. रोल तेव्हा स्वस्त नव्हते. पण तीन फोटो मोजून चौथ्या क्षणी रिकामा कॅमेरा हातात असणं त्याला परवडणारं नव्हतं.

हे तीन वाया घातलेले फोटो म्हणजे माझ्या आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ते कुणाला दिसत नाहीत. अल्बममध्ये नसतात. त्यांचं कौतुक होत नाही. आज रोल गेले, पण हीच गोष्ट वेगळ्या रूपात चालू आहे. एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा, बॅगेत दुसरा कॅमेरा, चार्ज केलेल्या जास्तीच्या बॅटऱ्या, फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही हा नियम, आणि स्वतःला ताप आला तर ऐनवेळी उभा राहील असा एखादा जोडीदार. यात कला कुठे आहे? कुठेच नाही. यात दिलेला शब्द आहे. हौशी माणसाला आपण त्याच्या उत्तम फोटोवरून ओळखतो. व्यावसायिकाला त्याच्या वाईट दिवसावरून ओळखावं, त्या दिवशीही त्याचं काम कुठल्या पातळीच्या खाली गेलं नाही ते बघावं.

हौशी माणसाकडे एक मोठी गोष्ट असते, तीही सांगायला हवी. त्याला न काढण्याचं स्वातंत्र्य असतं. प्रकाश आवडला नाही, घरी गेला. मायरबाईंना रोल न धुण्याचंसुद्धा स्वातंत्र्य होतं. वैशाखातल्या तिसाव्या लग्नाला पाय दुखत असताना उभा असलेला माणूस हे स्वातंत्र्य स्वतःहून सोडून आलेला असतो. त्यानं ॲडव्हान्स घेतला म्हणून? कायद्याच्या दृष्टीनं हो. लग्नाचे फोटो दिले नाहीत म्हणून आपल्याकडे ग्राहक आयोगापुढे प्रकरणं गेलेली आहेत आणि भरपाई द्यावी लागलेली आहे. पण आयोग भरपाई देऊ शकतो, अंतरपाट परत धरू शकत नाही, हे त्या माणसाला आपल्याहून जास्त कळतं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक चमत्कारिक गोष्ट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता कोण, तर ते काढणारा. पण पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे कर्ता एक आणि मालक दुसरा. लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातीसाठी परस्पर वापरणाऱ्या कितीतरी फोटोग्राफरांना हे माहीत नसतं, आणि यजमानांना तर नसतंच. मला यातलं वकिली अंग तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. पण बघा, कायद्यानं नकळत एक खोल गोष्ट मान्य केली आहे. व्यावसायिकाची कृती त्याची असते, तिचं फळ दुसऱ्याचं. आपल्याकडे या वाक्याचे संदर्भ कुठे जातात ते मी सांगायला नको.

इथवर दोन माणसं झाली, काढणारा आणि पैसे देणारा. खरी अडचण तिसऱ्या माणसापाशी आहे. जिचा फोटो निघतो ती व्यक्ती. पुष्कळदा तिनं पैसेही दिलेले नसतात आणि शब्दही मागितलेला नसतो.

राजा दीनदयाळ यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८४४. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, आणि हौस म्हणून धरलेला कॅमेरा पुढे त्यांचं जगणं झाला. हैदराबादच्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार होते. मुंबईतही त्यांनी स्टुडिओ काढला. त्यांचे राजवाडे आणि दरबार प्रसिद्ध आहेत. मला त्याहून विलक्षण वाटतो तो १८९२ मध्ये हैदराबादला त्यांनी उघडलेला जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळी जागा, आणि तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच. कुणी म्हणेल, हुशार धंदेवाईक, गिऱ्हाईक वाढवलं. असेलही. पण आपल्यासमोर बसायला जिला संकोच वाटतो तिच्यासाठी आपण स्वतः कॅमेऱ्यामागून बाजूला व्हायचं, हे स्वतःच्या नजरेवर प्रेम असलेल्या कलावंताला सहज जमणारं नाही.

आणि दुसरं नाव होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुढे दिल्लीत गेल्या. सत्तांतराचा, स्वातंत्र्याचा, नेहरूंचा तो सगळा काळ त्यांनी टिपला. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. पन्नाशी उलटून काही वर्षं झालेली होती, नाव मोठं होतं. कारण त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे: वृत्तछायाचित्रकारांच्या वागण्यातला आब गेला होता. त्यांच्या पिढीत समारंभाला कसे कपडे घालून जायचं, एकमेकांशी कसं वागायचं याचे अलिखित नियम होते. ते मोडले, आणि त्या गर्दीत उभं राहणं त्यांना नकोसं झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. कपड्यांचे नियम वगैरे ऐकून आज हसू येईल. मला येत नाही. परिषद नाही, सनद नाही, तेव्हा त्या मूठभर लोकांनी स्वतःपुरती एक परिषद वागण्यातूनच उभी केली होती. ती ढासळल्यावर आपण या व्यवसायात आहोत असं म्हणण्यात अर्थ उरला नाही, असा तो निर्णय मी वाचतो.

पण आब राखणं म्हणजे दुःखाकडे पाठ फिरवणं नव्हे. डिसेंबर १९८४, भोपाळ. वायुगळतीत गेलेल्या एका लहान मुलाला पुरताना, मातीतून फक्त चेहरा दिसतो आहे. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, दोघांनीही तो फोटो काढला. बार्थोलोम्यूंच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. ते मूल कोण, हे आजवर कळलेलं नाही. त्याची परवानगी कुणी घेणार होतं? काहींना तो फोटो क्रूर वाटतो, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. तरी माझं मत असं, की तिथे कॅमेरा खाली ठेवणं जास्त क्रूर झालं असतं. हजारोंच्या आकड्याला चेहरा नसतो. मात्र असा फोटो काढणाऱ्यावर एक बंधन कायमचं येतं. त्यात काडीचाही फेरफार करायचा नाही.

२००६ मध्ये लेबनॉनच्या युद्धात एका छायाचित्रकारानं बैरुतवरचा धूर संगणकावर जास्त काळा आणि दाट करून दाखवला. रॉयटर्सनं तो फोटो तर काढून टाकलाच, त्याचे ९२० फोटो, सगळेच्या सगळे, मागे घेतले. बाकीचे खरे असतील हो! पण शब्द एकदा मोडला की सुटा सुटा मोडत नाही.

मग लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची की नाही? काढा. ती आठ दिवसांनी जाणारच होती. पण नवरीची सावळी आत्या गोरी करून मागतात, तेव्हा? सॉफ्टवेअरमध्ये ते एका बटणावर होतं, आणि ‘जरा उजळ करा’ ही मागणी आपल्याकडे कुठल्याही फोटोग्राफरला नवीन नाही. पैसे देणाऱ्याची इच्छा आहे, कायद्यानं तो मालक आहे. मला वाटतं, इथे नाही म्हणता येणं हा व्यावसायिकाचा अधिकार आहे. नोकर आणि व्यावसायिक यांत फरक कुठे असेल तर इथेच असेल. वैद्य रोग्याच्या हितासाठी आहे, रोग्याच्या प्रत्येक मागणीसाठी नाही. आणि त्या आत्याबाईंना कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्याकडे माणूस गेल्यावर घरच्यांची धावाधाव होते ती फोटोसाठी. त्या माणसाचा एकट्याचा धड फोटो नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून, तिसऱ्या रांगेतून, तेवढा चेहरा मोठा करून आणतात आणि त्याला हार घालतात. तो फोटो काढताना फोटोग्राफर नवरा-नवरीकडे बघत होता. तिसरी रांग त्यानं नीट स्पष्ट ठेवली असेल तर ती कुणी सांगितली म्हणून नव्हे.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. त्यांच्या गावातला चाळीस वर्षांचा जुना स्टुडिओ बंद होतोय. मालक थकलेत, मुलगा पुण्यात नोकरीला. माळ्यावर निगेटिव्हचे खोके आहेत, गावातली जवळजवळ सगळी लग्नं. भंगारवाला न्यायला तयार आहे. विचारतात, सर, त्यावर हक्क कुणाचा? चांगला प्रश्न आहे. फोटोवरचा कॉपीराइट बहुतेक त्या त्या यजमानांचा, ते मघाशी बोललोच. खोका आणि त्यातली फिल्म कुणाची, हा वेगळा मुद्दा, त्यावर वकील वाद घालतील. पण ते मालक इतकी वर्षं पाऊस, वाळवी, बुरशी यांपासून ते खोके सांभाळत आले, ते कुठल्या कराराखाली? एकाही यजमानानं त्याचे पैसे दिलेले नाहीत. माझी सूचना एवढीच, की भंगारवाल्याला सांगण्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक महिना सूचना लावा आणि खोक्यांवर साल लिहिलेलं असेल तर तेही लिहा. लोक येतील. पहिल्या दिवशी नाही येणार, पण येतील.