दुसरी किल्ली

गेल्या पावसाळ्यात दादाला अतिदक्षता विभागात नेलं, त्या रात्री मी एका छापील कागदावर न वाचताच सही केली. आयुष्य बँकेत काढलेला माणूस मी! न वाचता सही करणाऱ्या कित्येक खातेदारांना काउंटरवरून दटावलेला. पण दादाचा रक्तदाब घसरत होता, वहिनी बाकावर गप्प बसल्या होत्या आणि डॉक्टर म्हणत होते, ‘सेंट्रल लाइन टाकायची आहे, लवकर सही करा.’

दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. सिस्टरनं मोठी निर्जंतुक चादर पुढे केली. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, भोक पाडलेला एक लहानसा कपडा दादाच्या मानेवर टाकला आणि सुई उचलली. ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. डॉक्टरांच्या चपळाईचं तेव्हा मला कौतुक वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मानेतल्या मोठ्या शिरेत सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. नळीचं टोक हृदयाच्या अगदी जवळ. तिच्यातून दिलेल्या औषधांनी दादा त्या रात्री वाचला, हेही खरं. पण सुई जराशी चुकली तर फुप्फुसाला भोक पडतं किंवा रोहिणी टोचली जाते. तारेचं बाहेरचं टोक हातातून सुटलं तर ती आतच राहून जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघत सुई घातली की टोचण्यातला धोका पुष्कळ कमी होतो. नळीवाटे जंतू आत गेले, तर ते थेट रक्तात जातात.

चौथ्या दिवशी दादाचा रक्तदाब सुधारला. हातातली साधी सलाइन पुरली असती. ‘राहू दे, लागली तर असावी,’ म्हणून नळी तशीच राहिली. सातव्या दिवशी दादा थंडीनं खाट हलेल इतका कुडकुडू लागला. रक्तात जंतू सापडले. आणखी तीन आठवडे गेले. कशामुळे झालं ते छातीठोकपणे कोण सांगणार? मीही सांगत नाही.

नंतर वाचत बसलो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी 2001 साली एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. हात धुवा. कातडी क्लोरहेक्सिडिननं पुसा. रोग्याला पूर्ण झाका, स्वतः टोपी, मास्क, गाऊन घाला. शक्यतो जांघेतली शीर टाळा. गरज संपताच नळी काढा. यात नवं काय? काहीच नाही. पण आधी महिनाभर परिचारिकांनी नुसती नोंद ठेवली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रोग्यांच्या बाबतीत काही ना काही गाळलेलं आढळलं. पुढे मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी हा क्रम पाळला. 2006 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : नळीच्या दर हजार दिवसांमागे सरासरी 7.7 संसर्ग होत होते, दीड वर्षात ते 1.4 वर आले.

घाईच्या वेळी सगळं जमत नाही, हे मान्य. पण अशी घाईत घातलेली नळी दोन दिवसांत बदलावी, हाही नियम आहेच.

मला त्या कागदापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटली. पायरी गाळली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार तिथं परिचारिकेला दिला होता, आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी होतं. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. मॅनेजर कितीही बडा असो, हेड कॅशियरची किल्ली लागल्याशिवाय दार उघडत नसे. त्यात कुणाचा अपमान झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. एकदा ऑडिटच्या घाईत मी ‘तुमची किल्ली द्या हो जरा’ म्हटलं, तर आमच्या वयस्क कॅशियरांनी हसून ती खिशातच ठेवली आणि स्वतः उठून आले.

दादाला घरी न्यायच्या दिवशी ती सिस्टर जिन्यात भेटली. मी त्या रात्रीच्या चादरीबद्दल विचारलं. तिनं आधी मागं वळून पाहिलं.

‘काका,’ ती म्हणाली, ‘आम्ही कसं सांगणार?’