भाषेची पदवी : निवड कशी करावी?

भीमेच्या काठी वसलेले दौंड हे लोहमार्गाचे गाव आहे. पुणे-सोलापूर मार्गाला मनमाडकडून येणारा मार्ग येथे मिळतो. रेल्वेच्या निमित्ताने अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषाही आल्या. शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रात, दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीचा आणि मूळ इटलीच्या फियाट कंपनीचे नाव लावणारा असे कारखाने उभे राहिले. अशा परिसरात भाषेचे ज्ञान हे उपजीविकेचे साधन ठरू शकते. तथापि बारावीनंतर कला शाखेकडे वळणारे अनेक विद्यार्थी ‘सोपा विषय’ एवढ्याच विचाराने भाषा निवडतात. या निवडीचे परिणाम तीन-चार वर्षांनी, नोकरीची जाहिरात हाती आल्यावर जाणवतात.

पदव्यांचे प्रकार

भाषेच्या सर्व पदव्या एकाच स्वरूपाच्या नसतात. पहिला प्रकार वाङ्मयप्रधान पदवीचा होय. मराठी, हिंदी, इंग्रजी वा संस्कृत हा मुख्य विषय घेऊन केलेल्या बी. ए. व एम. ए. मध्ये साहित्याचा इतिहास, साहित्यप्रकार, समीक्षा आणि भाषेची ओळख यांवर भर असतो. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि आता सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत प्रामुख्याने हेच शिक्षण मिळते.

दुसरा प्रकार भाषाविज्ञानाचा. येथे एखादी भाषा शिकविली जात नाही. ध्वनी, शब्दरचना, वाक्यरचना व बोली यांचा शास्त्रीय अभ्यास केला जातो. पुण्याचे डेक्कन कॉलेज या विषयाचे जुने केंद्र आहे. कोशकार्य, बोलींचे सर्वेक्षण आणि संगणकावरील भाषाप्रक्रिया यांकडे जाणारी ही वाट आहे.

तिसरा प्रकार परकीय भाषांचा. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजेच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी आदी भाषांचे प्रमाणपत्र, पदविका व उच्च पदविका असे टप्पे आहेत. अन्य विषयाची पदवी घेत असतानाही हे शिक्षण घेता येते. येथे नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. प्रत्यक्ष प्रावीण्य पाहिले जाते. जपानीसाठी एन-५ ते एन-१ आणि युरोपीय भाषांसाठी ए-१ ते सी-२ अशा पातळ्या मानल्या जातात. प्रारंभीच्या पातळीवर दुभाष्याचे काम मिळण्याची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

आधी काम, मग पदवी

माध्यमिक शाळेत भाषाशिक्षक व्हावयाचे असल्यास तो विषय पदवीला असणे आणि त्यानंतर बी. एड. करणे आवश्यक ठरते. महाविद्यालयात अध्यापन करू इच्छिणाऱ्यास त्याच विषयाची एम. ए. पदवी आणि नेट वा सेट परीक्षेतील यश लागते.

केंद्र शासनाच्या कार्यालयांतील हिंदी अनुवादकाच्या पदाचे उदाहरण बोलके आहे. या पदासाठी हिंदीची एम. ए. पदवी मान्य होते. परंतु पदवी स्तरावर इंग्रजी हा अनिवार्य वा ऐच्छिक विषय, अथवा परीक्षेचे माध्यम असावे लागते. शिवाय अनुवादाची पदविका वा कामाचा अनुभव विचारला जातो. रेल्वेतही राजभाषा विभाग आहे. दौंडच्या एखाद्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी इंग्रजीला रजा दिली, तर पुढे हिंदीत कितीही उत्तम गुण मिळाले तरी घराजवळचे हे दार त्याला बंद होऊ शकते. वर्षे गेल्यावर ही चूक दुरुस्त करणे कठीण असते.

नवी रचना

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वा चार वर्षांची झाली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. चार वर्षांची पदवी पूर्ण करणाऱ्यास एम. ए. एका वर्षात करता येते. त्यामुळे मुख्य व गौण विषयांची निवड पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. ज्यांना गाव वा नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची सोय आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे.

मार्गदर्शनाची जबाबदारी

खेड्यातील पालक सल्ल्यासाठी प्रथम शिक्षकाकडे वा पंचायत सदस्याकडे येतात. अशा वेळी तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल : विद्यार्थ्याला कोणते काम करावयाचे आहे? त्या कामाच्या अलीकडील जाहिरातीत नेमकी कोणती अर्हता मागितली आहे? निवडलेल्या महाविद्यालयात तो विषय शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून शिकविला जातो काय? बारावीच्या निकालापूर्वी अशा दोन-चार जाहिराती शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या, तरी अनेकांची वर्षे वाया जाणार नाहीत. साहित्याची आवड हे भाषा निवडण्याचे उत्तम कारण आहेच. त्या आवडीला अर्हतेच्या माहितीची जोड मिळाली, म्हणजे तीच पदवी चरितार्थालाही उपयोगी पडेल.