तुकडा आणि दाणा

सकाळी आठ. जालन्याच्या बीजप्रयोगशाळेत माझा पहिला तास दाण्यांचे तुकडे काढणारं यंत्र पुसण्यात जातो. पात्यावर आधीच्या दाण्याची भुकटी राहिली, तर पुढच्या दाण्याचा निकाल खोटा येतो.

नऊला मका लागतो. यंत्र एकेक दाणा उचलतं आणि त्याचं टोक कुठे आहे ते कॅमेरा बघतो, कारण अंकुर निमुळत्या बाजूला असतो. पातं रुंद माथ्याकडून मिठाच्या खड्याएवढा तुकडा काढतं. तुकडा ९६ घरांच्या प्लेटमध्ये पडतो, दाणा तशाच ट्रेमध्ये त्याच नंबरच्या घरात. माझी नजर या नंबरांवर असते. एक घर सरकलं की पुढचे सगळे निकाल भलत्याच दाण्यांना चिकटतात.

अकरापासून तुकड्यांतला डीएनए काढायचा, मग पीसीआर. मक्याच्या दाण्याच्या गाभ्यात, म्हणजे या तुकड्यातही, आईचे दोन वाटे असतात आणि बापाचा एक. बीजोत्पादनाच्या प्लॉटात मादी ओळींचे तुरे वेळेत खुडले नाहीत, तर काही दाणे संकर न होताच भरतात. त्यांत बापाचा वाटा दिसतच नाही. एरवी हे कळायला बियाणं पेरून झाडं वाढू द्यावी लागतात. इथे निकाल लवकर मिळतो, आणि दाणा पेरण्याजोगा हातात उरतो. मला या यंत्राचं मोल वाटतं ते यासाठी.

दीडला, डबा खाताना, इस्लापूरहून अण्णांचा फोन. मृग तोंडावर आलाय, घरचं सोयाबीन पेरायचंय.

"तुमच्या मशीनीवर बघतोस का रे?"

"अण्णा, मशीन जात सांगते, उगवण नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर तरी उगवायला पाहिजेत."

२०२० साली मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला होता. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीत, पोत्यांच्या थप्पीत सहज मार लागतो. हे गोणपाटच सांगतं.

तीननंतर निवड. पास झालेले दाणे नंबर ताडून पाकिटात घालायचे. कापलेल्या जागेतून बुरशी शिरते, म्हणून बुरशीनाशक चोळायचं. हे काम घाईचं नाही, आणि मी ते घाईने करू देत नाही.

साडेपाचला उद्याची तयारी: सरकी. तिच्यावरची लव आधी आम्लाने काढून घ्यावी लागते, आणि कवच कठीण. पातं बदलून ठेवलंय.